माडावरचा पाढा

"ती छत्री मला दे," म्हातारा म्हणाला.

मी अजून होडीतून धड उतरलोही नव्हतो. एक पाय पाण्यात, एक होडीत, खांद्यावर पत्र्याची ट्रंक आणि काखेत छत्री. लाकडी मुठीची ती छत्री आईने निघताना शिरोड्याच्या बाजारातून घेऊन दिली होती. म्हाताऱ्याला माझं ओझं हलकं करायचं असेल असं वाटून मी ती त्याच्या हातात दिली. त्याने ती उघडली, डोक्यावर धरली आणि पांढऱ्या वाळूतून मोठ्या रुबाबात चालू लागला. घरी पोचल्यावर देईल, अशी माझी समजूत होती. छत्री काही परत आली नाही.

म्हाताऱ्याचं नाव बाउरो. माझी राहण्याची सोय त्याच्याच घरी केलेली होती. आमचं बोलणं मोडक्या इंग्रजीत आणि हातवाऱ्यांत चालायचं.

गोष्ट चाळीसेक वर्षांपूर्वीची. बोटींना वाट दाखवणारे दिवे बसवणाऱ्या एका कंपनीत मी तेव्हा मेकॅनिक होतो. पॅसिफिक महासागरात, विषुववृत्ताच्या आसपास बेटांची एक लांबलचक माळ आहे. तिचं नाव सांगून कुणाला काही कळत नाही, म्हणून मी आपला 'तिकडची बेटं' एवढंच म्हणतो. फुटलेल्या बांगडीचे तुकडे कुणी पाण्यावर गोल मांडून ठेवावेत, तसं त्यातलं एकेक बेट. तुकड्यांच्या आत उथळ, हिरवं, निवांत पाणी आणि बाहेर काळानिळा, तळाचा पत्ता नसलेला समुद्र. ही दोन पाणी जोडणारी एक फट असते, तिच्यातून होड्या ये-जा करतात. अशाच एका फटीच्या तोंडाशी उन्हावर चालणारा दिवा बसवायला मला पाठवलं होतं. महिन्याभराचं काम, मग पुढचं जहाज येईल तेव्हा परत. जहाज कधी येईल हे मात्र कुणी छातीठोकपणे सांगत नव्हतं.

आमचा तुकडा इतका अरुंद, की घराच्या पुढच्या दारातून एक समुद्र दिसायचा आणि मागच्या दारातून दुसरा. डोंगर नाही, ओढा नाही, माती म्हणावी अशी मातीसुद्धा नाही. पायाखाली नुसता पोवळ्याचा चुरा. त्यात उगवायचे ते माड. वेंगुर्ला तालुक्यातल्या माणसाला माड बघून खरं तर घरी आल्यासारखं वाटायला हवं. मी मात्र त्यांच्या बुंध्यापासून चार हात लांबूनच चालत असे.

छत्रीपाठोपाठ चपला गेल्या. त्या बाउरोच्या मुलाने, तोकीआने मागितल्या. हा माझ्याच वयाचा, दांडगा, सदा हसरा गडी. मग लिंबाच्या लोणच्याची बरणी गेली. ती बाउरोच्या बायकोने, कातारीनाने मागितली आणि शेजारच्या घरांतून करवंटी करवंटी वाटून एका दुपारात संपवली. लहान पोरांनीसुद्धा खारातले मिरचीचे तुकडे चोखले आणि बोंब मारत पाण्याकडे धावली. एकदा बाउरोने माझ्या ट्रंकेचं कुलूप मागितलं. कुलूप लावण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं. त्याने ते दोरीत ओवून गळ्यात घातलं.

तिथला रिवाजच तसा होता. घरच्या माणसाने काही मागितलं की नाही म्हणायचं नाही. नाही म्हणणं म्हणजे मागणाऱ्याला घराबाहेर काढण्यासारखं. मला त्यांनी घरचा धरलं होतं, त्यामुळे माझी लूट कायदेशीर होती. मनातून मी चरफडत असे.

"आणि तू?" कातारीना एकदा मासे साफ करता करता म्हणाली. "तू कधी काही मागत नाहीस. आमच्याकडे मागण्याजोगं काही नाही, असं वाटतं का तुला?"

"तसं नाही, आजी. आमच्यात मागणं बरं दिसत नाही. मला आईने तसंच शिकवलंय."

"कुणाकडेच नाही मागत तुम्ही?"

"नाही."

ती माझ्याकडे बघतच राहिली. त्या नजरेत थोडी कीवही होती. "मग तुम्ही एकमेकांचे होता तरी कसे?" तिने विचारलं आणि माशाचं डोकं उडवलं.



घरात आणखी एक माणूस होतं, सगळ्यांत लहान. तोकीआची मुलगी, तेआ. नुकती बसायला लागली होती. गोल, काळीभोर, डोक्यावर उभे केस. तिची आई मेरेता बाळंतपणानंतर तापाने खंगत गेली, म्हणून तिला मागच्या जहाजाने मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात पाठवलं होतं. पोरीला डब्याचं दूध मिळे, ते संपलं. जहाज आलंच नाही. पाऊसही रुसलेला. माडांना नारळ धरत होते ते मुठीएवढे, विहिरींचं पाणी मचूळ. अंगावर पाजणारी बाई त्या तुकड्यावर दुसरी कुणी नव्हती.

पोर जगत होतं ते नीरेवर. सकाळ-संध्याकाळ तोकीआ घरामागच्या दोन माडांवर चढायचा. माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, दोरीने बांधून तिचं टोक तासलं की थेंब थेंब गोड रस गळतो, तो खाली लावलेल्या करवंटीत जमतो. कातारीना त्यात पाणी घालून उकळायची आणि चमच्या चमच्याने तेआला पाजायची. जोडीला बारीक कुस्करलेला मासा. पोर त्यावर टुणटुणीत होतं. त्या बेटांवर पिढ्यान् पिढ्या पोरं अशीच निभावली आहेत.

हे सगळं मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. माझे वडील आमच्या गावात माडी काढायचे, आजोबाही तेच. फरक एवढाच, की आमच्याकडे ती आंबवून पिणाऱ्यांची सोय व्हायची. लहानपणी ठेंगण्या माडांवर वडिलांनी मला पोय बांधायला आणि तासायला शिकवलं होतं. उंच माडांवर ते स्वतः जायचे. आमच्याकडे पोय तासण्याआधी ती लाकडाच्या ठोकळ्याने हलकेच ठोकतात, म्हणजे रस मोकळा होतो. आई चुलीपुढे बसून भाकऱ्या थापायची आणि तिचा एक कान त्या टकटकीवर असायचा. एका सकाळी टकटक मध्येच थांबली. आईने भाकरी तव्यावर तशीच टाकली आणि धावली.

माडावरून पडलेले वडील वाचले, पण कमरेखालचं अंग गेलं. तेव्हापासून ते पडवीत बाजेवर. त्याच आठवड्यात आईने मला देवापुढे उभं करून बजावलं होतं, "झिला, माडार चडलंस तर माजां मेलेलां तोंड बघशीत." मी शपथ घेतली. मोडायची वेळ आली नाही, कारण त्यानंतर माडाच्या बुंध्याला हात लावला तरी माझ्या तळव्यांना घाम सुटायचा.

तोकीआने एकदा मला वर यायचा आग्रह केला, तेव्हा मी हे सगळं त्या घराला सांगितलं होतं. बाउरोने माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यानंतर मला कुणी वर बोलावलं नाही.

तोकीआ वर चढला की गायचा. तिकडे नीरा काढणारा प्रत्येक जण गातो. गाणं ऐकलं की खालच्यांना कळतं, अमका माडावर आहे, ठीक आहे. बायका अंघोळ करत असतील तर सावध होतात, हा आणखी एक फायदा. तोकीआचं गाणं मला आवडायचं. एकदा दिव्याच्या खांबाला रंग देताना मी ती चाल गुणगुणत होतो, तर कातारीनाने हटकलं.

"ते आमच्या घरचं गाणं आहे. प्रत्येक घराचं आपलं असतं. आवडलं असेल तर माग. दिलं की तुझं, मग आम्ही ते गाणार नाही."

मी अर्थातच मागितलं नाही. खांब रंगवत राहिलो.

माझा दिवा लागला. गावाने त्याच्याखाली बसून मासे भाजले, भाषणं केली. जहाजाची वाट पाहून कंटाळलेल्या पुरुषांनी मग ठरवलं, सुकं खोबरं होड्यांत घालून आपणच मोठ्या बेटावर जाऊ, येताना दूध, तांदूळ आणि बरी झाली असेल तर मेरेतालाही घेऊन येऊ. शिडाच्या होड्या पश्चिमेकडे भुर्रकन गेल्या. परत येताना मात्र पूर्वेचा वारा नाकासमोर, आणि तो काही केल्या पडेना. मोठी मुलं शाळेसाठी तिकडेच असायची. राहिलो आम्ही: बायका, लहान पोरं, म्हातारे, लेकीसाठी मागे थांबलेला तोकीआ आणि मी.

आणि तोकीआचा पाय विषारी माशावर पडला.

तो मासा हुबेहूब दगडासारखा दिसतो. ओहोटीला उथळ पाण्यातून येताना तोकीआ किंचाळला आणि खाली बसला. मी आणि कातारीनाने त्याला ओढत घरी आणलं. पाय बघता बघता गुडघ्यापर्यंत सुजला. गरम पाण्यात पाय बुडवून तो ओठ चावत होता. जिवावरचं निभावलं हे दुपारपर्यंत कळलं. पण तो पाय टेकवू शकणार नव्हता, हेही कळलं.

ऊन उतरलं. पोयी तासायची वेळ झाली.

या कामाची एक वाईट खोड आहे. पोय रोज दोन्ही वेळा तासावी लागते. एक वेळ चुकली तर ती रागावते, लागोपाठ चुकली तर तिचं तोंड सुकतं आणि ती कायमची बंद होते. नवी पोय तयार करून रसाला आणायची तर दिवसच्या दिवस जातात. त्या दुष्काळात रस देणारे माड आमच्या बाजूला ते दोनच होते. शेजारच्या घरांच्या पोयी त्यांचे पुरुष गेल्यापासून सुकलेल्या. आणि तिकडे नीरेसाठी बायका माडावर चढत नाहीत.

बाउरो उठला. छत्री मिटून भिंतीला टेकवली, गळ्यातलं कुलूप काढून कातारीनाच्या हातात दिलं आणि बुंध्यात पाडलेल्या खाचांत पाय रोवत चढायला लागला. सत्तरीच्या पुढचा माणूस. पुरुषभर उंची गेला असेल नसेल, त्याचे गुडघे थरथरायला लागले. तिथेच माडाला बिलगून तो बराच वेळ राहिला. मग हळूहळू खाली आला आणि बुंध्याशी बसला.

आता हा माझ्याकडे मागणार. चढ म्हणणार, आणि मला नाही म्हणता येणार नाही. मी घाईघाईने कारणं जुळवायला लागलो. आईची शपथ आहे. इतक्या वर्षांत हाताची सवय गेली. मी तुमचा पाहुणा आहे. ज्या माणसाने माझं कुलूपसुद्धा सोडलं नाही, तो हे सोडेल कसा?

बाउरोने माझ्याकडे पाहिलं. मग मान वळवली.

"वारा उद्याही पडणार नाही असं दिसतंय," तो म्हणाला.

कातारीना चुलीकडे वळली. आत तोकीआ कण्हत होता. सकाळच्या नीरेतली उरलेली करवंटीभर होती, ती कातारीनाने उकळली आणि तेआला पाजली. चमचा पुसून, करवंटीत बोट फिरवून, बोट तिच्या जिभेला लावलं. पोरीला वाटलं खेळ चाललाय. ती खुदखुदून हसली आणि आजीचं बोट तोंडात धरून बसली, सोडेना.

मला रडू आलं. लाज नाही सांगायला. त्यांनी मागितलं असतं तर मी चिडलो असतो, भांडलो असतो, कदाचित चढलोही असतो आणि जन्मभर त्यांना बोल लावला असता. पण कुणीच मागत नव्हतं. सगळे माझ्या नजरेला नजर द्यायचं टाळत होते, मला अवघड वाटू नये म्हणून.

उजाडताना मी बाउरोपुढे जाऊन उभा राहिलो.

"बाबा, मला तोकीआचा कोयता द्या."

म्हाताऱ्याने डोळे मिटले. कातारीनाच्या हातातलं झाकण खाली पडलं. आतून तोकीआ ओरडला, "नको! बाबा, देऊ नका!"

"मी मागतोय," मी म्हणालो. "इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मागतोय."

बाउरो उठला. छपरात खोचलेला कोयता काढला, त्याची धार अंगठ्याने तपासली आणि माझ्या हातात दिला. त्याचा हात कोयत्यावरून लवकर सुटेना.

बुंध्याशी गेल्यावर तळव्यांना घाम फुटलाच. वाळूत हात घासले आणि पहिल्या खाचेत पाय ठेवला. वडिलांचा आवाज ऐकू यायला लागला. ठेंगण्या माडावर शिकवताना ओरडायचे तो. "माडाक मिठी मारू नको रे! पाय माडार, आंग भायर!" भ्यालेला माणूस झाडाला चिकटतो आणि चिकटला की घसरतो. मी अंग बाहेर टाकलं, हात ताणले. पाय, हात, पाय, हात. माड वर वर बारीक होत गेला आणि वाऱ्याने डुलायला लागला.

कसाबसा झावळ्यांच्या बेचक्यात पोचलो आणि तिथेच घट्ट बसून राहिलो.

"गा!" खालून कातारीना ओरडली. "गात का नाहीस?"

"काय गाऊ?"

"काहीही! पण गा! गप्प राहू नको!"

मला तिचा आवाज कळला. माझ्या आईचाही असाच आला असता, जर तिला ओरडायला सुचलं असतं तर. मी तोंड उघडलं आणि डोकं कोरं! तोकीआचं गाणं म्हणायची सोय नव्हती, ते मागितलेलं नव्हतं. गणपतीची आरती आठवेना, भजन आठवेना, सिनेमातली इतकी गाणी तोंडपाठ होती, त्यातलं एक अक्षर येईना. जिभेवर आलं ते शाळेत रोज संध्याकाळी घोकलेलं.

"बे एके बे!" मी ओरडलो. "बे दुणे चार! बे त्रिक सहा!"

 खालून पोरांचा हसण्याचा आवाज आला. मी जोर धरला. बे चोक आठला कमरेचा कोयता काढला. बे पंचे दहाला पोयीचं टोक धरलं. बोटांना सगळं आठवत होतं. कोयता आडवा धरून कागदाएवढी पातळ चकती काढायची, जास्त नाही. ताज्या कापावर पाण्याचा मणी फुगला, थरथरला आणि करवंटीत पडला. पोय जिवंत होती. मी मोठ्याने हसलो आणि बेचा पाढा पुन्हा पहिल्यापासून धरला.

दुसऱ्या माडाला एवढा वेळ लागला नाही. खाली उतरलो आणि वाळूतच बसलो. कातारीनाने नीरा उकळली आणि तेआला घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली. पोरीने पहिला घोट घेतला, ओठ चाटले आणि चमच्यासाठी दोन्ही हात पुढे केले.

त्यानंतर मी रोज चढलो, सकाळी आणि संध्याकाळी. भीती गेली असं नाही. ती पहिल्या खाचेशी रोज भेटायची आणि मी पाढा सुरू केला की जरा बाजूला सरकायची. पोरांनी पाढा उचलला. मी वरून "बे साती" म्हणालो की खालून "चौदा!" अशी आरोळी यायची, उच्चार काहीतरीच, पण सुरात. तोकीआ आतून पडल्या पडल्या चाल सुधारायचा. "सहानंतर आवाज वर ने! तू प्रेताबरोबर चालल्यासारखा गातोस!" त्याच्या सांगण्यावरून मी बेचा पाढा इतका सजवला, की आमच्या मास्तरांनी ऐकला असता तर छडीच काढली असती.

आणि वरून जे दिसायचं! खाली असताना मला वाटे, आपण वाळूच्या एका पट्टीवर अडकलोय. वरून सगळी बांगडी दिसायची, तुकड्या तुकड्यांची, प्रत्येक तुकड्यावर माडांची दाटी, मधे हिरवं पाणी आणि भोवती फुटणाऱ्या लाटांची पांढरी कड. फटीपाशी माझा दिवा. त्यापलीकडे, स्वच्छ हवेत, पुढच्या बेटाची पुसटशी रेघ. त्या बेटांवर माडाच्या शेंड्याहून उंच जागा दुसरी नाही. ही गोष्ट ध्यानात यायला मला चढावं लागलं.

एका सकाळी पूर्वेचा वारा पडून पश्चिमेचा सुटला होता. मी पहिल्या माडावर पाढा म्हणत कोयता चालवत होतो. बे सक बारा म्हणालो, मान वर केली आणि पश्चिमेला पाण्यावर शिडं दिसली. एक, मग आणखी, मग सगळी. पुढच्या होडीत शिडाखाली कुणीतरी लाल कापड डोक्याला बांधून बसलं होतं. पुरुष तसं बांधत नाहीत.

मी बघत राहिलो. पाढा थांबला.

खालून अशी किंकाळी आली की माझ्या हातून कोयता पडता पडता राहिला. कातारीना धावत येत होती. बाउरो छत्री टाकून धावत होता. तोकीआ एका पायावर उड्या मारत दाराबाहेर आला होता. बेटावरची सगळी मंडळी माझ्या माडाखाली, माना वर करून.

"मी आहे!" मी ओरडलो. "मी आहे! होड्या आल्या! मेरेता आली!"

त्यांना माझ्या तोंडून नीट कळेना, कारण मी निम्मं मराठीत बोलत होतो. कळलं तेव्हा बायका किनाऱ्याकडे पळाल्या. कातारीना मात्र हलली नाही. कमरेवर हात ठेवून माझ्यावर डाफरली, "आधी खाली ये! आणि उतरेपर्यंत थांबू नको, गात राहा!"

बे साती चौदा म्हणत मी उतरलो. तिने माझ्या पाठीत धपाटा घातला आणि मग मला धरून रडली.

मेरेता बरी होऊन आली होती. बारीक झाली होती, पण आपल्या पायांनी होडीतून उतरली. तेआने आधी तिला ओळखलंच नाही, आजीच्या मानेत तोंड खुपसलं. तिला घरात खाली बसवलं, तर थोड्या वेळाने आपण होऊन रांगत गेली आणि आईच्या पायावर चढून बसली.

कंपनीचं जहाज पुढे यथावकाश आलं. मला निरोप द्यायला सगळं गाव किनाऱ्यावर जमलं. बाउरो माझ्या छत्रीखाली उभा होता. माझ्या मनात एक गोष्ट इतके दिवस खुपत होती, ती मी विचारली.

"बाबा, तुम्ही माझी छत्री मागितलीत, कुलूप मागितलंत. मग त्या संध्याकाळी मला चढ का नाही म्हणालात? तुमच्या नातीचा जीव त्यावर होता."

"म्हणूनच नाही म्हणालो," बाउरो म्हणाला. "मी मागितलं असतं तर तुला नाही म्हणता आलं असतं का? आणि तुझ्या बापासारखा तू खाली आला असतास, तर तुझ्या आईला मी काय परत दिलं असतं? ही छत्री?"

मी ट्रंक वाळूत टेकवली.

"मग तूच कोयता मागितलास," तो म्हणाला. "आता नाही म्हणायची पंचाईत माझी. मी म्हटलं, देवा, या मुलाला इतके दिवस काही मागता येत नव्हतं, आणि आता मागितलं ते हे!" तो हसायला लागला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. मग छत्री खांद्यावर टेकवून गंभीरपणे म्हणाला, "आता मी एक मागतो. तुझं गाणं मला दे. तेआच्या घरचं म्हणून राहू दे."

"घ्या," मी म्हणालो. त्यात एका क्षणाचाही विचार नव्हता.

होडी सुटली तेव्हा किनाऱ्यावर सगळे ते म्हणत होते, बेपासून वीसपर्यंत. मीही ओठ हलवले आणि आठवलं, की आता ते माझं नाही.

घरी आलो आणि पहिल्याच संध्याकाळी सगळं सांगून टाकलं. आईशी खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. ती ऐकत होती. शपथेचा विषय आला तशी उठली, आत गेली आणि चुलीपुढे पाठ करून बसली. भांडी नेहमीपेक्षा जोरात वाजायला लागली.

वडील बाजेवर पडून माझ्याकडे एकटक बघत होते.

"चकती केवढी काढी होतंस?"

"कागदाएवढी."

"हां," ते म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं. "आणि आंग?"

"भायर."

"हां!" ते आढ्याकडे बघत म्हणाले. "तां गाणां म्हण बघूया. कसां म्हणी होतंस?"

"बाबा, ते मी देऊन टाकलं. दिल्यावर आपण म्हणायचं नसतं."

वडिलांनी यावर नीट विचार केला. माडाच्या कामातला कुठलाही रिवाज ते हसण्यावारी न्यायचे नाहीत.

"तू दिलंस," ते शेवटी म्हणाले. "मी खंय दिलंय?"

आणि बाजेच्या लाकडी पट्टीवर त्यांनी बोटांची पेरं वाजवायला सुरुवात केली. टकटक, टकटक. पोय ठोकायची तीच लय, तोच वेग. त्या लयीवर खरखरीत आवाजात ते म्हणायला लागले, "बे एके बे. बे दुणे चार. बे त्रिक सहा."

आत भांड्यांचा आवाज बंद झाला. आई पिठाच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा बघून वडील वरमले. बोटं थांबली, पाढा थांबला.

आईने चौकट धरली.

"थांबल्यात कित्याक?" ती म्हणाली. "म्हणा फुडे."